वरसाव्याला अडकलोय

फोनवर ‘दादा’ ही अक्षरं उमटली तेव्हा ज्ञानदेव गोडाऊनच्या दारात उभा राहून आलेल्या खोक्यांवरचे नंबर हातातल्या यादीशी ताडून बघत होता. दादाला जाऊन तीन महिने होत आले होते. यादी हातातून गळून पडली नाही, की छातीत धस्स झालं नाही. झालं ते निराळंच. गेली सहा वर्षं हे नाव पडद्यावर दिसलं की त्याच्या मनात आधी एक सबब तयार व्हायची, मिटिंगमध्ये आहे, गाडी चालवतोय, मागाहून करतो. तशी ती याही वेळी आपसूक तयार झाली, आणि मग त्याला आठवलं की जिला ती सांगायची ती व्यक्ती आता नाही. आधी सबब आली आणि मग मरण आठवलं, या क्रमाची त्याला शरम वाटली. फोन वाजतच होता. हमालानं मान वळवून बघितलं तेव्हा त्यानं तो उचलला.

पलीकडे पंचशीला होती, दादाची मुलगी. बँकेचा कसलासा नंबर बाबांच्या मोबाईलवरच येणार म्हणून तिनं तो कपाटातून काढून चार्ज केला होता. सुरू होताच मेसेजचा ढीग पडला आणि त्यात एक दंडाचा होता. नो पार्किंगमध्ये गाडी उभी केली म्हणून. गाडी म्हणजे ज्ञानदेव वापरत होता ती स्कूटर. ती दादानं घेतलेली. ज्ञानदेवला घोडबंदर रोडवर नोकरी लागली तेव्हा ‘तुला रोजचं यायजायचं आहे, मला डेपोची गाडी आहे’ असं म्हणून त्यानं किल्ली हातावर ठेवली होती. कागद नावावर करून घेऊ, करून घेऊ म्हणत राहून गेले. त्यामुळे दंड दादाच्या नावावर आला होता. तारीख दादा गेला त्या दिवसाची, जागा भाईंदरला हॉस्पिटलसमोरचा रस्ता, वेळ सकाळी अकरा बावीस.

“काका, अकरा बावीसला तर तुम्ही वरसाव्याला अडकला होतात ना,” पंचशीला म्हणाली. “मग गाडी इथं कशी असेल?”

ज्ञानदेव म्हणाला की काहीतरी गोंधळ असेल, तू डोक्याला ताप करून घेऊ नकोस, मी भरून टाकतो. ती ऐकेना. प्रश्न पैशाचा नाही, म्हणाली. बाबांनी तेहतीस वर्षं एस.टी. चालवली, त्यांच्या नावावर एक मेमो नाही, सिग्नल तोडल्याची एक पावती नाही. ते गेले त्याच दिवशी कुणीतरी खोटी नंबरप्लेट लावून फिरतो आणि डाग बाबांच्या नावाला लागतो, हे ती चालू देणार नव्हती. विम्याच्या कचेरीत दिवसभर लोकांचे दावे तपासायचं तिचं काम. कागद कसे लावायचे ते तिला ठाऊक होतं. काका, तुम्ही फक्त एक अर्ज लिहून द्या, म्हणाली, त्या वेळी गाडी तुमच्याकडे होती आणि तुम्ही वरसाव्याला होतात, एवढाच. बाकी मी बघते. तिच्या आवाजात इतक्या दिवसांनी जीव आला होता. बापासाठी करण्यासारखं काहीतरी तिला सापडलं होतं. ज्ञानदेवनं बरं म्हटलं.

त्या दिवशी तो वरसाव्याला अडकलाच नव्हता. सकाळी वैनीचा फोन आला होता की हॉस्पिटलात यांना रात्रीपासून श्वास फार लागलाय, सारखी तुमची आठवण काढतायत, या. त्यानं साहेबांना सांगितलं, हेल्मेट घेतलं आणि निघाला. वरसाव्याचा पूल तर त्या दिवशी अगदी मोकळा होता. रोज जिथे पाऊण तास जायचा तिथून तो पाच मिनिटांत सुटला, आणि सुटल्याबरोबर त्याला वाईट वाटलं, हे त्याला नंतर कितीदा तरी आठवलं. रस्ता अडला असता तर बरं, असं वाटणारा माणूस मरणाऱ्या भावाकडे निघाला होता. अकराच्या सुमारास तो हॉस्पिटलपाशी पोचला. समोरच्या बाजूला चहाची टपरी होती, तिच्यापुढे त्यानं स्कूटर लावली. डोक्यावर नो पार्किंगची पाटी होती ती त्यानं पाहिलीसुद्धा नाही. एक चहा घेऊ आणि वर जाऊ, असं त्यानं ठरवलं. चहापेक्षा त्याला पहिलं वाक्य हवं होतं. आत गेल्यावर काय म्हणायचं? कसा आहेस, हे सहा वर्षांनी कसं विचारायचं? दादा भेटला की आधी ‘जय भीम’ म्हणायचा आणि उत्तराची वाट बघायचा. ते दोन शब्द ज्ञानदेवनं इतक्या वर्षांत मोठ्यानं उच्चारलेच नव्हते. बाकड्यावर बसून त्यानं ते मनात म्हणून पाहिले. दुसऱ्याचा शर्ट घालून बघावा तसं वाटलं.

सहा वर्षांपूर्वी पेणकरपाड्याच्या पुढे नवीन टॉवर झाला त्यात त्यानं घर घेतलं होतं. सोसायटीत सगळ्या तऱ्हेचे लोक. लिफ्टमध्ये शेजारच्या बाईंनी पहिल्याच आठवड्यात गोड आवाजात विचारलं होतं, “आप लोग कौन से महाराष्ट्रीयन?” आणि त्यानं उत्तर दिलं होतं, “हम मराठवाडा साइड के.” बाईंना हवं होतं ते हे नव्हे, हे दोघांनाही कळलं होतं. दारावरच्या पाटीवर त्यानं आडनाव न घालता नुसतं ज्ञानदेव आणि निशा असं घातलं. निशा, त्याची बायको, म्हणाली, हे बरं दिसतं, मॉडर्न. घर दाखवायला त्यानं सगळ्यांना बोलावलं त्या दिवशी दादा सकाळीच आला. पिशवीत हातोडी, खिळे, भोकं पाडायचं यंत्र शेजाऱ्याकडून मागून आणलेलं. आणि काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक मोठी तसबीर. बाबासाहेबांची. त्यानं वसमतहून खास फ्रेम करवून आणली होती, कारण तिथल्या कारागिराची कड त्याला आवडायची. दारासमोरच्या भिंतीवर हात फिरवून त्यानं जागा नक्की केली, पेन्सिलीनं खूणही केली. तेव्हा ज्ञानदेव म्हणाला, दादा, हॉलमध्ये नको, आतल्या खोलीत लावू. दादानं मागे वळून विचारलं, का रे? त्यात राग नव्हता. त्याला खरंच कळलं नव्हतं. ज्ञानदेव म्हणाला, इथं सगळी मिक्स मंडळी येतात.

दादा खूप वेळ भिंतीकडे बघत राहिला होता. मग त्यानं खिशातून रुमाल काढला, पेन्सिलीची खूण पुसली, आणि तसबीर पुन्हा त्याच कागदात गुंडाळली. घाईनं नाही, कोपरे नीट दुमडून. दुपारी सगळ्यांबरोबर जेवला. खीर चांगली झाली म्हणाला, दुसऱ्यांदा मागून घेतली. शेजारी आले त्यांच्याशी हिंदीत बोलला, एस.टी.चे किस्से सांगून त्यांना हसवलं. आणि संध्याकाळी जाताना पिशवी आणि तसबीर दोन्ही घेऊन गेला. पुन्हा त्या घरी तो आला नाही. पहिली दोन वर्षं चौदा एप्रिलला त्याचा फोन आला. ज्ञानदेव तेव्हा गोडाऊनमध्ये चार माणसांत होता. दादानं ‘जय भीम’ म्हटल्यावर तो म्हणाला होता, हां, हां, सेम टू यू. तिसऱ्या वर्षी त्या दिवशीचा फोन आला नाही. दादाचं घर नवघरला; नवघर आणि पेणकरपाडा यांच्यात स्कूटरनं वीस मिनिटांचं अंतर, आणि ती स्कूटरही दादाचीच. रोज सकाळी तिला किक मारताना त्याला ते आठवायचं. पण आठवणं आणि जाणं यांत त्यानं कायम एक रविवार ठेवला होता, पुढचा रविवार.

टपरीवर पहिला चहा संपायच्या आत वैनीचा फोन आला होता. कुठपर्यंत आलात, भावजी? समोर तिसऱ्या मजल्यावर एका खिडकीला हिरवा पडदा होता. तीच खोली असेल असं त्यानं उगाच धरलं होतं. त्या पडद्याकडे बघत तो म्हणाला, “वरसाव्याला अडकलोय, वैनी. पुलाजवळ सगळं जाम आहे.” इतकं सहज निघालं. रोज खरं असणारं वाक्य होतं, त्या दिवशी फक्त खोटं. पाच मिनिटांसाठी बोललो, असं त्यानं स्वतःला सांगितलं. आणि दुसरा चहा मागवला. मग त्या खोट्याला वेळ देणं भाग होतं, वरसाव्याहून लगेच कसं पोचणार? अकरा पन्नासला पंचशीलाचा फोन आला तो नुसता रडण्याचा. यानंतरची गोष्ट त्यानं निशालाही सांगितली नव्हती. तो उठला नाही. आणखी वीस मिनिटं तो त्याच बाकड्यावर बसून राहिला, कारण वरसाव्याहून यायला तेवढी लागली असती. मग रस्ता ओलांडून वर गेला. वैनीनं त्याला बघून हंबरडा फोडला आणि म्हणाली, तुमच्या नशिबात नव्हतं हो. आलेली माणसं त्याच्या पाठीवर हात फिरवत होती. तेव्हापासून नातलगांत ते वाक्य रूढ झालं होतं, ज्ञाना बिचारा वरसाव्याला अडकला. पुण्यानुमोदनाच्या दिवशी एकानं भाषणातही सांगितलं, की या शहरातल्या रस्त्यांनी दोन भावांची शेवटची भेट हिरावून घेतली. ज्ञानदेव पहिल्या रांगेत बसून ऐकत होता.

अर्ज त्यानं पंचशीलाच्या समोर बसून लिहिला, सुवाच्य अक्षरात. ‘सदर दिवशी सदर वेळी मी वरसावे येथे वाहतूक कोंडीत अडकलो होतो. सबब वाहन सदर ठिकाणी असणे शक्य नाही.’ सही करताना पेन थांबेल असं त्याला वाटलं होतं, पण तसं काही झालं नाही. तक्रार ऑनलाइन गेली. दहा दिवसांनी उत्तर आलं की फोटो तपासला, चलान योग्य आहे, हरकत असल्यास मूळ कागद घेऊन समक्ष भेटावं. पंचशीलाला चेव आला. मोबाईलवर दिसणारा फोटो तिनं शंभरदा मोठा करून बघितला होता. त्यात फक्त स्कूटरचा मागचा भाग होता, धूसर. तिच्या मते मागचा दिवा वेगळा होता. मंगळवारी मी अर्धी रजा घेते, तुम्हीही घ्या, म्हणाली. ज्ञानदेवला मंगळवारच्या आधीचे चार दिवस मिळाले होते. या चार दिवसांत कधीही फोन करून सांगता आलं असतं. शनिवारी रात्री जेवताना त्यानं निशाला म्हटलंसुद्धा, एक सांगायचं होतं. ती म्हणाली, सांगा की. तो म्हणाला, गॅसचा नंबर लावायचाय.

वाहतूक शाखेच्या चौकीत भिंतीला लागून खुर्च्या होत्या आणि टेबलामागे एक हवालदार बाई. बाई शांतपणे एकेकाचं ऐकून घेत होत्या. या दोघांच्या आधीचा रिक्षावाला आपण फक्त पॅसेंजर उतरवला असं हिंदीत सांगत होता, आणि बाई त्याला फोटोतली रिकामी सीट दाखवत होत्या. पंचशीलानं फाइल मांडीवर घेतली होती. तिच्यात दादाचा मृत्यूचा दाखला, गाडीचे कागद, ज्ञानदेवच्या अर्जाची प्रत आणि त्याच्या कंपनीचं पत्र होतं, तो दहा पस्तीसला घोडबंदरहून निघाल्याचं. तिनं ते सगळं त्याला एकदा पुन्हा समजावून सांगितलं. बोलताना ती भुवई दादासारखीच एका बाजूनं वर करायची. ज्ञानदेवला वाटलं, आत्ता. आत्ता सांगायचं. चल, बाहेर चहा घेऊ, म्हणायचं आणि सांगायचं. त्यानं घसा खाकरला. तेवढ्यात बाईंनी बोलावलं.

पंचशीला चांगलं बोलली. आवाज चढवला नाही. बाईंनी सगळं ऐकलं, दाखला बघून ‘मॅडम, सॉरी’ म्हणाल्या, आणि म्हणाल्या की तुमच्या मोबाईलवर फोटो कापलेला येतो, मशीनमधला पूर्ण असतो, तो बघून घेऊ. त्यांनी कॉम्प्युटरचा पडदा दोघांकडे वळवला. आधी पांढरं, मग हळूहळू वरून खाली चित्र भरत आलं. टपरीचा पत्रा. पाटी. तिच्याखाली स्कूटर, हँडलला अडकवलेलं त्याचं हेल्मेट. आणि स्कूटरच्या पलीकडे बाकड्यावर, हातात काचेचा ग्लास घेऊन, चौकड्यांच्या निळ्या शर्टातला एक माणूस. फोटो काढणाऱ्याकडे त्याचं लक्ष नव्हतं. त्याच्या डोक्यावरून तो वर कुठेतरी बघत होता, तोंड किंचित उघडं. आपण असे दिसतो हे ज्ञानदेवला माहीत नव्हतं. माणूस कुणाची तरी वाट बघत असावा असा तो चेहरा होता.

पंचशीलानं आधी पडद्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे, मग पुन्हा पडद्याकडे. खालच्या कोपऱ्यात वेळ होती. तिनं ती वाचली असावी, कारण तिचे ओठ हलले.

“अर्जात तर वरसावे लिहिलंय,” बाई म्हणाल्या. त्यांनी आळीपाळीनं दोघांकडे बघितलं आणि त्यांच्या काहीतरी ध्यानात आलं. त्यांनी पडदा परत आपल्याकडे वळवला.

“गाडी मीच लावली होती,” ज्ञानदेव म्हणाला. “फोटोत मीच आहे.”

अर्ज मागे घ्यायचा का, असं बाईंनी विचारलं. पंचशीलानं होकारार्थी मान हलवली. दंड ज्ञानदेवनं तिथेच भरला. पावती माझ्या नावानं करता येईल का, असं त्यानं विचारलं. बाई म्हणाल्या, गाडी ज्यांच्या नावावर, पावती त्यांच्याच नावावर निघते, ते मला बदलता येत नाही. छापील पावतीवर दादाचं पूर्ण नाव होतं, जीवन, वडलांचं नाव, आणि ते आडनाव. पंचशीलानं ती घेतली नाही. ती बाहेर निघून गेली होती.

चौकीबाहेर उचलून आणलेल्या मोटरसायकली रांगेनं उभ्या होत्या. तिथे ती थांबली होती. रागावेल, रडेल, काहीतरी विचारेल, असं त्याला वाटलं. तिनं विचारलं एवढंच, की किती वेळ बसला होतात. त्यानं खरं सांगितलं. फोन आल्यानंतरची वीस मिनिटंही सांगितली. ती तिला ठाऊक होण्याची काही गरज नव्हती, पण आता त्याला काही मागे ठेवायचं नव्हतं.

“बाबा शुद्धीवर होते,” ती म्हणाली. “मास्क काढून विचारत होते, ज्ञाना आला का. मी सांगितलं, वरसाव्याला अडकलेत. तर म्हणाले, तिथं होतंच तसं. त्याला सांग, गाडी दामटू नको, हळूहळू ये. मी आहे.”

ती हे फार हळू बोलली. ‘मी आहे’ म्हणाले, असं तिनं पुन्हा एकदा सांगितलं. मग म्हणाली की मी आता ऑफिसला जाते. आईला मी सांगणार नाही. तुम्ही सांगा, नाहीतर नका सांगू, पण माझ्याकडून ती वरसाव्याचं परत ऐकणार नाही. रिक्षा आली, ती बसली. जाताना तिनं फाइल सरळ करून मांडीवर धरली. तिच्यात अजून त्याच्या अक्षरातला तो अर्ज होता.

स्कूटर सुरू करायला त्याला बराच वेळ लागला. तो नवघरला गेला. वाटेत कुठेही थांबला नाही. थांबलो तर पुन्हा बसू, हे त्याला माहीत होतं. वैनी, सरोजावैनी, दुपारची पथारी गुंडाळून नुकतीच उठली होती. त्याला दारात बघून तिनं आधी पाणी आणलं. दंडाचं काय झालं, पोरीनं भांडण तर नाही केलं, असं विचारलं. त्यानं पाण्याचा पेला हातात तसाच ठेवला आणि सांगायला सुरुवात केली. चहाच्या टपरीपासून सांगितलं, मग मागे जाऊन मोकळ्या पुलापासून, मग आणखी मागे जाऊन नव्या घरातल्या त्या दिवसापासून. वाक्यं पुढेमागे होत होती. वैनी त्याच्याकडे न बघता ऐकत होती. पदराचं टोक ती बोटाला गुंडाळत होती आणि सोडत होती.

संपल्यावर ती म्हणाली, “त्या दिवशी मी सारखी जिन्याच्या तोंडाशी येऊन उभी राहत होते. लिफ्ट उघडली की बघायची.” मग पदराचं टोक सोडून म्हणाली, “एवढा राग होता तुम्हाला त्यांचा?”

“राग नव्हता, वैनी. मला तोंड दाखवायची लाज वाटत होती. चूक माझी होती.”

वैनीनं त्याच्याकडे पहिल्यांदाच नीट पाहिलं. तिला काहीतरी कळत नव्हतं, आणि मग कळलं. “पण त्यांना तर वाटायचं, तुम्ही रागावलात,” ती म्हणाली. “सहा वर्षं तेच धरून बसले होते. म्हणायचे, ज्ञानाच्या घरचं पहिलं कार्य, मी चार लोकांदेखत वस्तू परत घेऊन आलो. कोत्या मनाच्या माणसासारखं वागलो. आतल्या खोलीत लावली असती तर काय बिघडलं असतं? फोन करा म्हटलं की म्हणायचे, तो उचलतो ते मोठा भाऊ म्हणून, त्याला माझ्याशी बोलवत नाही. माफी मागायची होती त्यांना. म्हणून तर बोलावलं तुम्हाला त्या दिवशी. दुसरं काही नव्हतं.”

ज्ञानदेवला वाटलं, तिनं शिव्या द्याव्यात. खाली रस्त्यावर कुणीतरी भंगार गोळा करत ओरडत चाललं होतं. दादा त्याची माफी मागणार होता. हे वाक्य त्यानं मनात उलटसुलट करून पाहिलं. कसंही धरलं तरी त्याला ते धरता येईना. तो तिथे खाली, साठ पावलांवर, दादाशी बोलायला पहिलं वाक्य शोधत बसला होता, आणि वर दादाकडे वाक्य तयार होतं.

वैनी उठली. त्याच्या हातातला न प्यालेला पेला तिनं काढून घेतला आणि मोरीत ओतला. पाठमोरी उभी राहूनच ती बोलली.

“भावजी, आज तुम्ही जा. आज माझ्यानं तुमच्याकडं बघवत नाही. रविवारी या. निशाला घेऊन या.”

त्याला बरं म्हणायचं होतं, पण नुसती मान हलली, आणि तिची पाठ होती. त्यानं चपला घातल्या, दार ओढून घेतलं. पहिल्या मजल्यावर आल्यावर त्याच्या लक्षात आलं की वर दाराची कडी लागल्याचा आवाज आला नव्हता. तो क्षणभर थांबला, मग खाली उतरला. मंगळवार होता, रविवार पाच दिवसांवर.